शून्य चारशे सतरा

हेमांगीला ते कळलं तेव्हा सकाळची वेळ होती आणि ती ऑफिसात चहा पीत होती. चहा तिनं संपवला, कप विसळून जागेवर पालथा घातला आणि परत येऊन स्क्रीनसमोर बसली. मघाशी दिसलं होतं तेच आत्ताही दिसत होतं.

पेणच्या एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत, खाली गणपतीच्या मूर्तींचं दुकान आणि वर मितेशचं ऑफिस अशी ती इमारत होती. मितेशची सॉफ्टवेअरची कंपनी म्हणजे एक मोठी खोली, एक लहान खोली आणि सहा-सात माणसं. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना लागणारी कामं ते करत. कुणाचं स्टोअर, कुणाच्या कॅन्टीनची कुपनं, कुणाची गेटवरची हजेरी. हेमांगी तिथे अगदी सुरुवातीपासून होती. चाळिशी जवळ आली होती. लग्न केलेलं नव्हतं आणि आताशा त्याबद्दल कुणी विचारतही नव्हतं. घरी वडील, मोरोपंत. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. धाकटा भाऊ श्रेयस बंगळुरूला मोठ्या नोकरीत.

रोह्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात गेटवरची हजेरी मितेशच्याच माणसांनी बसवली होती. कामगारानं कार्ड टेकवायचं, मग फिरता दांडा सुटतो आणि एक माणूस आत जातो. बाहेर पडतानाही तसंच. आत कोण आहे आणि कोण बाहेर गेलं, ते सुरक्षा अधिकाऱ्याच्या हातातल्या टॅबवर दिसतं. कधी सायरन वाजलाच तर सगळ्यांनी पटांगणात जमून तिथल्या यंत्राला कार्डं टेकवायची. ज्यांची नावं टॅबवर 'आत' म्हणून उरतील, त्यांना शोधायला मास्क लावून माणसं पाठवायची. सगळी व्यवस्था याचसाठी होती.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी त्या कारखान्यात पाइपाचा जोड सुटला आणि वायू पसरला. सायरन वाजला, माणसं पटांगणात धावली, कार्डं टेकवली गेली. टॅबवर 'आत' कुणीच उरलं नाही. सुरक्षा अधिकाऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला. नितेश नावाचा एक कंत्राटी कामगार मात्र ज्याला त्याला सांगत राहिला की गणेश कुठे दिसत नाही. अधिकाऱ्यानं त्याला टॅब दाखवला. गणेश जेवणाच्या सुट्टीतच बाहेर पडला होता, वेळेसकट नोंद होती. तरीही नितेशनं फोन लावला. फोन गणेशच्या कपाटात वाजत राहिला, कारण प्लांटमध्ये फोन न्यायला बंदी होती. पुढे वायू ओसरला, संध्याकाळी पाहणी करायला माणसं आत गेली, तेव्हा पंपाखालच्या खड्ड्यात गणेश सापडला. दुपारी तो साफसफाईला तिथे उतरला होता. जिवंत होता, पण शुद्धीत नव्हता.

चौकशी लागली. कारखान्याच्या व्यवस्थापनानं लेखी कळवलं की सदर कामगार सुट्टीत बाहेर गेल्याची नोंद आहे. त्याअर्थी तो मागच्या कुंपणातून, कार्ड न टेकवता, परत आत शिरला असला पाहिजे. नियम त्यानं मोडला, सबब जबाबदारी त्याची. चौकशी अधिकाऱ्यांनी गेटच्या मूळ नोंदी मागवल्या आणि त्या काढून द्यायचं काम हेमांगीकडे आलं.

तर त्या सकाळी तिच्यासमोर त्या नोंदी होत्या. गणेश बाहेर पडल्याची वेळ होती. तिच्या वरच्याच ओळीत गोविंदा नावाच्या एका कायम कामगाराची बाहेर पडल्याची वेळ होती. दोन्ही वेळा सेकंदापर्यंत एकच. गेटही एकच. आणि त्या दांड्यातून एका वेळी दोन माणसं जाऊ शकत नव्हती.

गोविंदाच्या कार्डावर नंबर होता ४१७. गणेशच्या कार्डावर ०४१७.

कायम कामगारांना साधे नंबर आणि कंत्राटी माणसांच्या नंबराआधी शून्य, ही त्या कारखान्याची जुनी पद्धत होती. माणूस आत आला की त्याची नवी नोंद व्हायची, ती शून्यासकट, जशीच्या तशी. बाहेर जाताना नवी नोंद नव्हती. आधीचीच बदलायची, म्हणजे अपडेट करायची. अपडेटची ही वाक्यं एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवलेली असतात. मॅपिंगची फाइल म्हणतात तिला. वाक्यात मोकळ्या जागा असतात. कार्ड टेकलं की त्या माणसाचा नंबर त्या जागेत येऊन बसतो. या जागेला पॅरामीटर म्हणायचं. तिथे येणारी गोष्ट मजकूर आहे, आकडा आहे की तारीख, हे तिथेच जाहीर करून ठेवता येतं. या वाक्यात कार्डाच्या नंबरापाशी जाहीर केलं होतं: इंटिजर. पूर्णांक. आणि पूर्णांकाच्या डाव्या बाजूला शून्य असलं काय आणि नसलं काय. वाक्य चारशे सतराला शोधायला जाई, डेटाबेस साठवलेले नंबरही आकडे म्हणूनच वाचून बघे, त्याला दोन माणसं सापडत आणि तो दोघांनाही बाहेर काढून मोकळा होई.

एरवी हे कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. शिफ्ट सुटली की सगळे एकदमच निघत, चार-दोन मिनिटं मागेपुढे. कंत्राटी माणसांचा पगार ठेकेदार आपल्या वेगळ्या हजेरीवर करी. त्या दुपारी मात्र गोविंदानं अर्धी रजा टाकली होती.

हे वाक्य कुणी बदललं ते फाइलीच्या इतिहासात होतंच. श्रेयसनं.

कॉलेज संपल्यावर श्रेयस वर्षभर इथेच, ताईच्या हाताखाली होता. त्याआधी त्या जागेला कुठलाच टाइप जाहीर केलेला नव्हता. आलेला नंबर मजकूर म्हणूनच जायचा आणि सगळं ठीक चालायचं. पण हेमांगीला फाइली नीट लागायच्या. एकही पॅरामीटर टाइप जाहीर केल्याशिवाय ठेवायचा नाही, असा नियम तिनं त्या वर्षी घातला होता. श्रेयसनं एकेक फाइल घेऊन एकेक जागा भरली. बदल तपासून 'ठीक' म्हणणारं नाव तिचं होतं.

आता आपल्याला काहीतरी होईल, असं हेमांगीला वाटलं. हात थरथरतील, डोळ्यांपुढे अंधारी येईल. ती वाट पाहत बसली. खालच्या दुकानातून ट्रकमध्ये मूर्ती चढवताना माणसांचं 'सावकाश, सावकाश' ऐकू येत होतं. बाकी काही झालं नाही. दाताला सुई दिल्यावर गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं तिला सगळ्या अंगभर वाटत होतं, एवढंच.

तिनं मितेशला बोलावून दाखवलं. मितेशनं खुर्ची ओढून घेतली आणि दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता. सहा-सात घरं त्याच्यावर चालत होती आणि रोह्याचं काम गेलं तर त्यातली निम्मी बंद पडणार होती. तो म्हणाला की टाइप दुरुस्त कर, आजच कर. नोंदी मागितल्यात तर नोंदी देऊन टाक. त्याखाली आपण होऊन काही लिहायची गरज नाही. ज्यांना दिसायचं त्यांना दिसेल.

"आणि नाही दिसलं तर?" हेमांगीनं विचारलं.

मितेश काचेतून खाली बघत राहिला. "मला हे विचारू नकोस," तो म्हणाला. "तू केलंस तर मी अडवणार नाही. पण मला विचारू नकोस."

दुरुस्ती करायला काहीच वेळ लागला नाही. एक शब्द खोडून दुसरा लिहायचा, आणि कार्डाचा नंबर प्रोग्राममध्ये जिथून येतो तिथेही तेच करायचं. चाचणीसाठी तिनं दोन खोटी माणसं आत पाठवली, एकाला बाहेर काढलं. दुसरा आतच राहिला. हे तेव्हाही इतकंच सोपं होतं.

दुपारी जेवायच्या वेळेला तिनं श्रेयसला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. रोह्यातली बातमी त्यानं मोबाइलवर वाचली होती, पण कारखाना आपल्याच गिऱ्हाइकाचा हे त्याला माहीत नव्हतं.

"इंटिजर का लिहिलंस?"

"नंबर होता ना ताई. तूच म्हणाली होतीस, टाइपशिवाय काही ठेवायचं नाही."

"शून्य होतं आधी."

"मला दिलेल्या डेटात नव्हतं. सगळे कायमवालेच होते त्यात. मला कुणी सांगितलंच नाही."

हे खरं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तो डेटा काढून देणारी तीच होती. आपलं नाव देणार का, असं त्यानं विचारलं. त्याच्या नव्या ठिकाणी मोठ्या पदाचं चाललं होतं. अशा गोष्टी शोधल्या की सापडतात.

"कुणी विचारलं तर देईन," ती म्हणाली. "माझंही."

त्यावर त्यानं फोन ठेवला. रागानं ठेवला की मीटिंग होती, ते कळलं नाही. हेमांगीनं डबा उघडला. आत फ्लॉवरची भाजी होती. ती तिनं खाल्ली.

संध्याकाळपर्यंत तिनं नोंदींसोबत एक पान लिहिलं. चूक कुठे आहे, कशी घडते, आणि त्या दुपारी गणेश बाहेर पडलाच नव्हता, असं सरळ लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, कारण असली पानं ती नेहमी इंग्रजीतच लिहायची. खाली स्वतःचं नाव आणि फोन नंबर घातला. एक प्रत कारखान्याला गेली, एक चौकशी अधिकाऱ्यांना. घरी येऊन बाबांना सांगितलं. मोरोपंतांनी टीव्हीचा आवाज बंद केला. चित्रं चालूच राहिली.

"श्रेयसला त्रास होईल," ते म्हणाले.

"होईल."

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग जेवायला वाढू का, असं त्यांनीच विचारलं. एरवी ती वाढायची.

त्यानंतरचे आठवडे असेच गेले. हेमांगी वेळेवर उठे, ऑफिसात जाई, काम करी, कामात चूक होत नसे. पेणजवळच्या जोहे गावात कारखाना असलेल्या एका मूर्तिकाराला ऑर्डरींचं सॉफ्टवेअर हवं होतं, ते तिनं करून दिलं. शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलावलं तर गेली, वाण घेऊन आली. आपण कुणाला तरी गाडलंय आणि त्याच्यावर बसून वाण लुटतोय, असं तिला वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. वाटत नाही याचंही तिला फारसं काही वाटत नव्हतं.

एका सकाळी तिला अनोळखी फोन आला. बाईचा आवाज होता, जपून बोलणारा.

"मी अनिता बोलत्ये, निडीवरनं. गणेशची घरवाली. तुमचं एक कागद आलंय आमच्याकडं, चौकशीच्या साह्यबांनी दिलंय. इंग्लिशमदी हाय. यांना वाचून दाखवायचं हाय. तुमी येऊन सांगाल काय?"

हेमांगी हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण नाहीसुद्धा म्हणू शकलो असतो.

रविवारी तिनं पेणहून रोह्याची गाडी पकडली. डबा अर्धा रिकामा होता. कासू गेलं, नागोठणं गेलं, निडीला ती एकटीच उतरली. अनिता स्टेशनात घ्यायला आली होती. तिशीची, उंच, पायात प्लास्टिकच्या चपला. वाटेत भात कापून झालेल्या शेतात वाल चांगले धरले होते, एवढं अनितानं दाखवलं. यंदा दिरानं पेरले, ती म्हणाली. यांना जमण्यासारखं नव्हतं.

गणेश ओटीवर खुर्चीत बसला होता. हेमांगीनं त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. फक्त एक ओळ पाहिली होती. खांद्यानं रुंद माणूस, पण अंगातला शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा तसा सैल. उठायला लागला तर अनितानं बसवलं. छातीतून बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. शब्द शोधून शोधून बोलत होता. दोन्ही हातांच्या बोटांना स्पर्श कळत नाही, अनितानं सांगितलं. गरम कळत नाही, गार कळत नाही. डॉक्टर म्हणतात येईल हळूहळू. त्याची आई, विमलबाई, परातीत भिजवलेले वाल घेऊन सोलत बसली होती.

"बस गो बाय," ती म्हणाली.

हेमांगीनं सांगायला सुरुवात केली. कागद काढला नाही. कार्डाचा नंबर, त्याआधीचं शून्य, बाहेर जाताना होणारी नोंद, सगळं साध्या शब्दांत सांगितलं. तिच्या आवाजात काहीही नव्हतं. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ती सांगत असावी. गणेश तिच्या तोंडाकडे लक्ष देऊन पाहत होता. तिचं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "मंजे गोविंदाभाऊ गेला, नि मी पन गेलो?"

"हो. यंत्राच्या लेखी."

"आनि मी तर खाली होतो."

"हो."

तो थोडा वेळ श्वास गोळा करत बसला. मग म्हणाला, "भोंगा मला ऐकायला आला. वर यायला बघितलं, पन शिडीवर पायच उचलंना. मग गप बसलो. मी काय म्हनलं, आता मानसं मोजतील. एक कमी भरंल. मग येतील."

विमलबाईंचे हात चालू होते. वालाचं साल निघताना बारीक आवाज होतो, तेवढाच येत होता. हेमांगीनं परातीत हात घातला आणि एक वाल उचलला. सोलला. मग दुसरा. विमलबाईंनी परात तिच्या बाजूला थोडी सरकवली.

"हे लिवलं कुनी?" अनितानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "ते शून्य जायाचं."

"माझ्या भावानं. मी सांगितलं होतं तसं. मग मी ते बघून बरोबर आहे म्हटलं."

अनितानं तिच्याकडे नीट पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर हेमांगीनं ऐकून घेतल्या असत्या. ती त्याच तयारीनं आली होती की काय, हेही तिला सांगता आलं नसतं. पण अनिता उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बऱ्याच वेळानं ती दारात येऊन उभी राहिली.

"साह्यबांसमोर असंच सांगाल? आत्ता सांगितलंत तसं?"

"सांगेन."

"भावाचं नावपन?"

"विचारलं तर."

"मंग जेवून घ्या," अनिता म्हणाली. "गाडीला टाइम हाय."

तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. गणेशला अनितानं भरवलं नाही. त्याचा तो जेवला, पण घास तोंडाजवळ नेताना प्रत्येक वेळी हाताकडे बघून घेत होता, धरलाय की सुटलाय. हेमांगीच्या जिभेला चव लागली नाही. ती पोटभर जेवली, ताट उचललं, मोरीवर जाऊन घासलं. कुणी नको म्हणालं नाही.

सुनावणी रोह्याला, उन्हं तापायला लागली तेव्हा झाली. सरकारी कचेरीतली खोली, वर पंखा, भिंतीला लागून खुर्च्या. चौकशी अधिकारी मध्यमवयीन बाई होत्या. एका बाजूला कारखान्याचे दोघे आणि त्यांचे वकील, एका बाजूला गणेश, अनिता आणि नितेश. मितेशही आला होता आणि मागच्या खुर्चीवर बसला होता. गोविंदा दाराजवळ उभा होता. निवृत्तीला आलेला माणूस, पांढरा सदरा घातलेला. बसा म्हटलं तरी बसेना. त्या दिवशी बायकोला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून अर्धी रजा टाकली, असं त्यानं सांगितलं. विचारलं नव्हतं तरी त्यानं दाढ कुठली होती तेही सांगितलं. मग तो गणेशकडे न बघता म्हणाला, "माझ्या कार्डानं हा बाहेर गेला. मला काय म्हाईत."

"तुमची काही चूक नाही, काका," अधिकारी बाई म्हणाल्या.

"व्हय," गोविंदा म्हणाला. "समदे तसंच म्हनतात."

हेमांगीला समोर बोलावलं. तिनं निडीला सांगितलं होतं तसंच, तेवढ्याच शब्दांत सांगितलं. वकिलांनी विचारलं की एकच सेकंद हा योगायोग असू शकत नाही का. तिनं इतर दिवसांच्या नोंदी पुढे ठेवल्या. अशा कितीतरी जोड्या होत्या, शून्य असलेला आणि नसलेला, एकाच क्षणी बाहेर पडलेले. वकील खाली बसले. मग अधिकारी बाईंनी विचारलं की हा टाइप जाहीर कुणी केला.

"श्रेयस यांनी. ते माझे भाऊ. नियम माझा होता आणि तपासणीही माझी."

असं तिनं सांगितलं आणि बाईंनी ते लिहून घेतलं. पंखा फिरत होता. मितेशनं मान खाली घातली होती. हेमांगीला वाटलं होतं, हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना घशात अडकेल. ते अगदी सहज बाहेर पडलं, आणि त्या सहजपणाचीच तिला त्या खोलीत पहिल्यांदा भीती वाटली. ती भीतीही बाहेर रिक्षात बसेपर्यंत ओसरली.

श्रेयसला व्हिडिओवरून बोलावण्यात आलं. तो हजर राहिला. हो, मी केलं, असं म्हणाला. डेटाविषयीही खरं तेच सांगितलं. त्यानंतर त्यानं ताईला फोन केला नाही. मोठ्या पदाचं काय झालं ते मोरोपंतांनाही त्यानं सांगितलं नाही. वडिलांशी मात्र तो नेमानं बोलायचा, हेमांगी ऑफिसात असायची त्या वेळेला.

निकाल लागला तो असा. गणेश कुंपणातून शिरला नव्हता, तो आतच होता आणि त्याला शोधायला हवं होतं, असं अहवालात स्वच्छ लिहिलं गेलं. उपचार कारखान्याकडे आले, आणि बरा होईपर्यंत अर्धा नव्हे तर पूर्ण पगारही. पुढे त्यांनी त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम देऊ केलं. गणेशनं ते घेतलं नाही. पुन्हा त्या दांड्यातून आत जायचं नाही, असं त्यानं अनिताला सांगितलं आणि तिनंही आग्रह धरला नाही. अनितानंच हे फोनवर कळवलं. बोटांना आता गरम कळायला लागलंय, एवढं सांगून तिनं फोन ठेवला. आभार वगैरे ती मानत बसली नाही. हेमांगीला ते बरं वाटलं. म्हणजे वाटलं असावं, असं तिनं धरलं.

रोह्याचं काम मितेशकडून गेलं. त्यानं दोघांना कमी केलं. हेमांगीला केलं नाही, पण पूर्वी चहाच्या वेळी तिच्या टेबलाशी येऊन बसायचा, ते बंद झालं. तिनं एकदा राजीनामा लिहून त्याच्या हातात दिला. त्यानं वाचून खिशात घातला आणि जोह्याच्या मूर्तिकाराचं काम कुठवर आलंय ते विचारलं.

मे महिन्यात एका रविवारी दुपारी मोरोपंत आणि ती आंबे पिळत बसले होते. मोरोपंतांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "हेमा, तुला रडू येतं का गं कधी? हे सगळं झाल्यापासून?"

"नाही बाबा."

"मलाही नाही," ते म्हणाले. "तुझी आई गेली तेव्हाही असंच झालं होतं. मी तेव्हा शाळेत जाऊन पेपर तपासत बसलो होतो. मुलं घाबरली होती माझ्याकडे बघून."

"मग कधी आलं?"

मोरोपंतांनी आठवून पाहिलं. "केव्हा तरी आलं," ते म्हणाले. "काही कारण नव्हतं."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. श्रेयस होता, रविवार असल्याचं तो विसरला असावा. मोरोपंत त्याच्याशी बोलले, उन्हाळा, गुडघे, आंबे. मग कुणालाही काही न विचारता त्यांनी फोन हेमांगीच्या पुढ्यात धरला आणि आत निघून गेले. तिचे हात रसानं माखलेले होते. तिनं फोन खांदा आणि कान यांच्यात धरला.

पलीकडून श्रेयसकडच्या रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती.

"ताई," तो म्हणाला. "ते गणेश बरे आहेत का?"

"चालतात. फार लांब नाही. काम सोडलं त्यांनी."

"मी तिकडे जाऊन यावं का?"

तिनं विचार केला. त्या ओटीवरची खुर्ची, परात, दारात उभी राहिलेली अनिता. "गेलास तर काही बोलू नकोस," ती म्हणाली. "ते बोलतील ते ऐक."

"तू येशील?"

"येईन."

मग त्यानं विचारलं, "जेवलीस का?"

"अजून नाही," हेमांगी म्हणाली. तिच्या मनगटावरून रसाचा ओघळ कोपरापर्यंत आला होता आणि तो गार आहे, हे तिला कळत होतं. "रस काढतोय. जेवू आता."